समुद्राची साय : मुरगाव ते मिनिकॉय, आठ दिवसांची मोजणी

दिवस पहिला : मुरगाव

दोना पावलाच्या जेटीवर उभं राहिलं की मुरगाव बंदर समोरच दिसतं, पण गाडीने जायचं तर झुआरीचा पूल ओलांडून चांगला तासभराचा वळसा पडतो. मागच्या सीटवर माझ्या शेजारी डबा होता. त्याला पट्टा बांधला होता आणि खाली जुनी गोधडी घातली होती. प्रत्येक गतिरोधकाला माझा हात आपोआप त्याच्यावर जात होता.

या डब्याचं नाव अवरक्त रेडिओमीटर. करोनाच्या दिवसांत दुकानाच्या दारात कपाळासमोर धरायची ती बंदूक आठवते? तत्त्व तेच. कुठलीही गोष्ट तिच्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकत असते, ते मोजले की हात न लावता तापमान कळतं. फरक इतकाच, की ती बंदूक अर्धा अंश चुकली तरी चालून जायचं. आम्हाला अंशाच्या दहाव्या भागापर्यंत खात्री हवी असते, आणि तीही हलत्या जहाजावर, खाऱ्या वाऱ्यात.

उपग्रहही हेच करतात. आपला इन्सॅट-३डीआर सुमारे ३६,००० किलोमीटरवरून, युरोपचे सेंटिनेल-३ मालिकेतले दोन उपग्रह सुमारे ८१५ किलोमीटरवरून. पण त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये अख्खं वातावरण उभं असतं. एप्रिलमधली अरबी समुद्रावरची हवा बाष्पाने इतकी भरलेली असते, की समुद्राकडून निघालेला बराचसा संदेश वाटेतच बदलतो. उपग्रहाचं गणित हा बदल ओळखून दुरुस्त करतं. ती दुरुस्ती बरोबर झाली की नाही, हे कुणीतरी खालून, मध्ये जेमतेम पंधरा मीटर हवा ठेवून मोजून सांगावं लागतं. त्यासाठी मी आणि डबा संशोधन जहाजावर निघालो होतो.

डबा बसवायला दुपार गेली. ब्रिजच्याही, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीच्याही, वरच्या डेकवर, ज्याला जहाजावर मंकी आयलंड म्हणतात, उजव्या बाजूच्या कठड्याला पुढच्या टोकाशी क्लॅम्प घातले. जागा पुढची का, तर नाळेने, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाने, फोडलेलं, ढवळलेलं पाणी नजरेत येता कामा नये. शिवाय जहाजाच्या कुशीतून एसीचं आणि इंजिनाचं गरम पाणी बाहेर पडत असतं. ते एकदा दिसायला लागलं की आपण समुद्र सोडून जहाजाचाच ताप मोजत बसतो. कोन मात्र फार आडवा ठेवता येत नाही, कारण नजर जितकी तिरपी तितका समुद्र आरशासारखा वागतो आणि स्वतःचं सांगण्याऐवजी आकाशाचं सांगायला लागतो.

सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे प्रमुख, आले, बरोबर दोन खलाशी. वय साठीच्या आसपास, गाव वेंगुर्ल्याकडचं. मी देवगडची म्हटल्यावर त्यांची हिंदी तिथेच संपली.

"ह्या काय गो चेडवा?"

"समुद्राचा ताप बघतो हा, काका. लांबून."

ते बराच वेळ डब्याभोवती फिरले. मग स्वतःच्या पान्याने प्रत्येक नट पुन्हा एकदा आवळला आणि म्हणाले, "आता वादळ इला तरी हालाचा नाय."

संध्याकाळी पाचला जहाज बंदरातून बाहेर काढणारा पायलट आला, सहाला आम्ही बंदराबाहेर. मुरगावच्या डोंगरावरचे दिवे मागे पडेपर्यंत मी वरच होते.

दिवस दुसरा : कारवारच्या पश्चिमेला

आज बालदीचा दिवस.

रेडिओमीटर कितीही चांगला असला तरी एकट्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नाही, असं आमच्या चीफ सायंटिस्ट मॅडमचं म्हणणं. त्यामुळे तीन साक्षीदार ठेवले. एक रेडिओमीटर. दुसरा थर्मोसॅलिनोग्राफ, जो जहाजाच्या पोटातून, साधारण चार मीटर खोलीवरचं पाणी पंपाने सतत आत घेतो आणि त्याचं तापमान नि क्षारता टिपतो. बोलताना आम्ही त्याला नुसतं इनटेक म्हणतो. तिसरी बालदी. तिच्यात बसवलेला थर्मामीटर, बाहेरून रबराचं जाड आवरण. दर तासाला ती समुद्रात टाकायची, भरून वर ओढायची, सावलीत धरून ढवळायची आणि मिनिटाच्या आत आकडा वाचायचा.

ऐकायला सोपं वाटतं. चालत्या जहाजावरून भरलेली बालदी म्हणजे ओढणारा बैल. पहिल्या खेपेला मी दोरीचा एक वेढा तळहाताला घेतला, तेव्हा सारंगकाकांनी मागून येऊन तो हिसकून सोडवला.

"दोरी हाताक गुंडाळू नको. बालदी तुका घेवन जातली."

मग त्यांनी दाखवलं. बालदी पुढच्या दिशेला फेकायची, जहाज तिच्यापाशी पोचेपर्यंत दोरी सैल सोडायची, तिने पाणी घेतलं की जहाजाच्या चालीबरोबर दोन पावलं मागे जात एका लयीत उचलायची. अकराव्या खेपेला मला ते जमलं. दुपारपर्यंत तळहातांना फोड आले होते, पण हातमोजे घातले की दोरीची ओढ कळत नाही, म्हणून काढूनच ठेवले.

या बालदीला मोठा इतिहास आहे. १८५३ साली ब्रुसेल्सला सागरी देशांची परिषद भरली आणि जहाजांनी हवामानाच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवाव्यात असं ठरलं. तेव्हापासून हजारो खलाशांनी अशाच बालद्या ओढून समुद्राचं तापमान लिहून ठेवलंय. आज आपण समुद्र दीडशे वर्षांत किती तापला हे ज्या आलेखावरून सांगतो, त्याच्या सुरुवातीच्या टोकाला ही माणसं उभी आहेत. पण बालद्याही बदलत गेल्या. आधी लाकडी होत्या, मग कॅनव्हासच्या आल्या. ओल्या कॅनव्हासमधलं पाणी वाऱ्यावर पखालीसारखं गार होतं, म्हणजे आकडा खऱ्याहून कमी. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान वाचायला लागले, तर ते इंजिनरूमच्या उष्णतेने जास्त. दुसऱ्या महायुद्धात रात्री दिवा घेऊन डेकवर जाणं धोक्याचं, म्हणून इंजिनरूमच्या नोंदी वाढल्या. युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजांच्या बालदीच्या नोंदींचं प्रमाण पुन्हा वाढलं आणि १९४५च्या उत्तरार्धात जगाच्या समुद्राचं तापमान एकदम घसरलेलं दिसायला लागलं. समुद्र घसरला नव्हता, मोजणाऱ्याची पद्धत बदलली होती. ही गाठ २००८ साली सुटली. मोजताना सोबत कसं मोजलं हेही लिहावं, हे मला त्या एका घसरणीने शिकवलंय.

रात्री जेवायला भंडाऱ्याने बांगड्याचं तिखलं केलं होतं. फोडांवर तिरफळाचं तिखट झोंबलं, तरी दोनदा वाढून घेतलं.

दिवस तिसरा : अमिनी आणि कदमतच्या आसपास

पहाटे पाण्याचा रंग बदललेला होता. किनाऱ्याजवळचा हिरवट गढूळपणा गेला आणि दौतीतल्या शाईसारखं निळं पाणी आलं. लक्षद्वीपची बेटं अजून दिसत नव्हती, पण त्यांचे पक्षी दिसायला लागले होते.

आज पहिली जोडी. उपग्रह आणि जहाज एकाच वेळी, एकाच जागी समुद्राकडे बघतात तेव्हा जो आकड्यांचा जोड मिळतो त्याला आम्ही मॅच-अप म्हणतो. मी मनात जोडीच म्हणते. सेंटिनेल-३ मालिकेतले ए आणि बी, पहिला फेब्रुवारी २०१६मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१८मध्ये सोडलेला, दोघेही सूर्याच्या घड्याळाने सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमाराला इथून जातात. आमच्या मनगटावरचं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं आणि आम्ही तिच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे प्रत्यक्षात साडेदहाच्या आगेमागे.

तोवर डबा जवळून पाहून घेते, कारण पुढे त्याच्याशी गाठ आहे. आडवं नळकांडं, त्याला एक फट. फटीच्या आत अंगठ्याएवढा छोटा आरसा, त्यावर सोन्याचा मुलामा. अवरक्त किरण परतवायला सोन्यासारखं काही नाही. हा आरसा फिरत राहतो. आधी आतल्या एका काळ्या कुपीकडे बघतो, जिचं तापमान हवेइतकं असतं. मग दुसऱ्या कुपीकडे, जी मुद्दाम काही अंश जास्त तापवून ठेवलेली असते. दोन्ही कुप्यांत नेमके थर्मामीटर आहेत. म्हणजे दर फेरीला उपकरण स्वतःला दोन माहितीचे प्रश्न विचारतं, उत्तरं तपासतं आणि मगच बाहेर बघतं. बाहेरही आधी आकाशाकडे, नंतर समुद्राकडे.

आकाशाकडे कशाला, हे काल एका तरुण खलाशाने विचारलं होतं. समुद्राकडून येणाऱ्या किरणांत शंभरातला एखाददुसरा हिस्सा समुद्राचा नसतो, तो आकाशाचा परावर्तित झालेला असतो. निरभ्र आकाश अवरक्तात फार थंड दिसतं, ढग त्या मानाने उबदार. आज सकाळी नऊला ते डोळ्यांनी पाहिलं. डोक्यावरून एक पांढरा ढग सरकला आणि समुद्राचा कच्चा आकडा चढला. पाणी तेच, जहाज तेच. आकाशाची दुरुस्ती लावली की रेष पुन्हा सरळ. ही दुरुस्ती काही दशांश अंशांची असते, आणि आमची सगळी लढाई त्या दशांशांचीच आहे.

दशांशाने काय बिघडतं, हे विचारायला कदमतसारखी दुसरी जागा नाही. या बेटांभोवतालची प्रवाळं १९९८ साली पांढरी पडली, मग २०१०, २०१६ आणि २०२४ साली. प्रवाळाला धोका कधी, हे सांगणारी पद्धत उपग्रहाच्या तापमानावरच चालते. वर्षातल्या सर्वात उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंश वर गेलं की मोजणी सुरू, मग किती अंश जास्त आणि किती आठवडे, याचा गुणाकार. चार झाले की पांढरं पडण्याची भीती, आठ झाले की प्रवाळ मरण्याची. आठवड्यामागून आठवडे हीच बेरीज चालते. उपग्रह सतत तीन दशांश चुकत असेल तर इशारा कितीतरी आधी किंवा कितीतरी उशिरा निघेल.

साडेदहाला आकाश स्वच्छ होतं. मी काहीच करायचं नव्हतं, डबा आपोआप मोजतो. तरी मी वर जाऊन उभी राहिले. दिवसा उपग्रह दिसत नाही हे माहीत असूनही वर पाहिलं.

रात्री वीज चमकायला लागली. नऊला जोराची सर आली आणि वीस मिनिटांत गेली. आकाश धुतल्यासारखं मोकळं झालं. रात्रीची जोडी छान मिळणार म्हणून मी निवांत झोपले.

दिवस चौथा : कवरत्ती ते कल्पेनी

जोडी मिळाली नाही.

सकाळी सहाला लॅपटॉप उघडला तर रात्री ८:५८नंतर समुद्राची एकही नोंद नाही. पाऊस आला की फटीवरचं झाकण आपोआप बंद होतं, आरशावर थेंब पडू नये म्हणून. पाऊस किती वाजता थांबला हे शेजारचा छोटा सेन्सर सांगतो आणि मग झाकण उघडतं. ते उघडलंच नव्हतं. उपकरणाच्या मते रात्रभर पाऊसच पडत होता.

वर गेले. सेन्सरच्या काचेवर बोट फिरवलं तर बोटाला खरखरीत लागलं, मीठ. तीन दिवसांच्या तुषारांचं मीठ साचलं होतं, सरीने ते ओलं झालं, आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं हे कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात माहीत असलेलं सत्य. काच रात्रभर ओलसर राहिली. ती रोज पुसायची असते. मी बालदीच्या नादात दोन दिवस पुसली नव्हती.

ऊर्ध्वपातित पाणी, धागे न सुटणारा कापड, मग पुन्हा पाणी. आरशालाही बारीक धुकट थर आला होता. सोन्याला घासायचं नाही, नुसतं पाणी सोडून निथळू द्यायचं. काकांनी माझ्यामागे ताडपत्री धरून वारा अडवला, अर्धा तास, एक शब्द न बोलता.

नंतर मॅडमना सांगायला गेले. मी विचारलं, आधीच्या आणि नंतरच्या नोंदींवरून मधलं अंदाजाने भरता येईल का? इनटेकच्या नोंदी तर रात्रभर आहेत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "अंदाजच हवा असता तर उपग्रहच पुरेसा होता. आपण इथं कशाला आलो?" मग लॉगबुक पुढे सरकवलं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : पर्जन्य सेन्सरवर क्षार, झाकण बंद, ८:५८ ते ६:४०, निरीक्षकाची चूक.

बाकी दिवस कामात गेला. दोन ठिकाणी सीटीडी, म्हणजे खोलीगणिक तापमान आणि क्षारता टिपणारा यंत्रसंच, पाण्यात सोडला.

दिवस पाचवा : नऊ अंशांच्या खाडीत

हा दिवस मी विसरणार नाही.

मिनिकॉय आणि बाकीच्या लक्षद्वीपमध्ये जो रुंद जलमार्ग आहे तो नाईन डिग्री चॅनल. नऊ अंश अक्षवृत्तावर, म्हणून हे नाव. एप्रिल-मे महिन्यांत आग्नेय अरबी समुद्राचा हा भाग साऱ्या जगातल्या सर्वात उबदार समुद्रांपैकी एक असतो, तीस अंशांच्याही वर. हिवाळ्यात बंगालच्या उपसागराकडून गोडसर, हलकं पाणी इथे येऊन पसरतं, आणि हलकं पाणी वर थांबलं की सूर्याची ऊब खाली मिसळत नाही. मोसमी पाऊस केरळात यायच्या आधी इथला समुद्र असा तापून बसतो.

सकाळी आठलाच वारा पडला. दहापर्यंत पाणी असं झालं, की जहाजाच्या सावलीची कडासुद्धा स्पष्ट दिसत होती. उडणारे मासे पाण्यातून निघाले की त्यांच्या शेपटीची रेघ कितीतरी वेळ तशीच राहायची. काका कठड्याला टेकून म्हणाले, "वयला पाणी तापला. खालचा थंडच आसा." त्यांनी बालदीत हातही घातला नव्हता.

दुपारी दोनला मी तिन्ही साक्षीदारांचे आकडे एका खाली एक लिहिले. इनटेक ३०.६. बालदी ३२.०. रेडिओमीटर ३१.८.

तीन उपकरणं, एकच समुद्र, आणि सव्वा-दीड अंशाचा फरक. पहिल्यांदा वाटलं, आरसा बिघडला. कुप्यांच्या नोंदी तपासल्या, त्या चोख होत्या. बालदी पुन्हा टाकली, पुन्हा ३२.०. मग वही बाजूला ठेवून शांतपणे विचार केला, आणि जे पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं ते समोर पाण्यावर पसरलेलं दिसलं.

समुद्राचं तापमान असं एक काही नसतंच. चार मीटर खोलीवर एक तापमान, हातभर खोलीवर दुसरं, आणि अगदी वर, जिथून अवरक्त किरण निघतात तिथे तिसरं. तो थर जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका. तापवलेल्या दुधावर साय धरते तशी ही समुद्राची साय. रेडिओमीटर तिच्याकडेच बघतो आणि उपग्रहही तिच्याकडेच बघतो. तिच्याखाली काय आहे ते दोघांनाही दिसत नाही.

ही साय खालच्या पाण्याहून जवळजवळ नेहमीच थोडी गार असते. माठ जसा पाझरून गार होतो तशीच. बाष्प उडतं, उष्णता हवेत जाते, आणि ती सगळी या पातळ थरातूनच जाते. बऱ्यापैकी वारा असताना हा फरक साधारण ०.१७ अंश असतो. म्हणून आजही बालदीपेक्षा रेडिओमीटर दोन दशांश खाली. पण वारा नसला आणि सूर्य डोक्यावर असला की वरचा हात-दोन हात पाणी वेगळंच तापतं आणि खालच्या गार पाण्यावर तेलासारखं तरंगत राहतं. इनटेक त्याच्या खालून पाणी पीत होता, त्याला या उन्हाचा पत्ताच नव्हता.

आता समजा, जहाजावर रेडिओमीटर नसता, नुसता इनटेक असता. उपग्रहाने आज दुपारी ३१.६ दाखवलं असतं तर आम्ही किनाऱ्यावर बसून लिहिलं असतं की उपग्रह एक अंशाने जास्त दाखवतो, त्याचं गणित खाली ओढा. उपग्रह खरं बोलत होता आणि आम्ही त्याला खोटं पाडलं असतं. समुद्रावर येऊन मोजण्याचं मोल मला त्या तीन आकड्यांत दिसलं. उपग्रह जे बघतो तेच आपणही बघायचं, तरच तुलना. आणि बाकीचे दोन साक्षीदार सोबत ठेवायचे, तरच सायीखाली काय चाललंय ते कळतं.

मी काकांना बोलावून आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून वाचले, मान हलवली, आणि असा वारा पडला की त्यांचे वडील जाळं किती खाली सोडायचे ते सांगत बसले. मी लिहून घेतलं.

रात्री साडेदहाला तिन्ही आकडे पुन्हा लिहिले : ३०.८, ३०.७, ३०.६. दिवसाची ऊब उडून गेली होती, पाणी एकजीव झालं होतं. आकाशात ढगाचा ठिपका नाही. झाकण उघडं आहे की नाही हे मी टॉर्च लावून चार वेळा पाहिलं.

दिवस सहावा : मिनिकॉय

पहाटे चारला मिनिकॉयच्या दीपगृहाचा झोत दिसला. १८८५पासून तो तिथे आहे. आमच्याकडे उतरायचा परवाना नव्हता, त्यामुळे बेट लांबूनच पाहिलं : माडांची गर्द ओळ, तिच्या पुढे लगूनचा फिका हिरवा पट्टा. एका ठिकाणी थांबून मोजणी केली आणि नाळ उत्तरेला वळवली.

दिवस सातवा : परतीच्या वाटेवर

वायव्येचा वारा आला आणि दुपारपर्यंत सेकंदाला सात मीटरवर गेला. जहाज हलायला लागलं. तिन्ही साक्षीदार आता एकमेकांच्या दोन दशांशांत होते, आणि रेडिओमीटर इमानाने तळाला. वारा पाणी ढवळतो, सायीखालचं सगळं एकसारखं होतं.

क्षितिज मात्र भुरकट होतं. अशा धुरकट हवेने उपग्रह फसतो. जून १९९१मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी उसळला आणि त्याच्या कणांचा थर वातावरणात उंच पसरला, तेव्हा त्या वेळच्या उपग्रहांना उष्ण कटिबंधातला समुद्र खऱ्याहून गार दिसायला लागला. नशिबाने त्याच वर्षी जुलैत युरोपचा ईआरएस-१ वर गेला. त्यावरचं उपकरण समुद्राचा एकच तुकडा दोनदा बघायचं, एकदा सरळ खाली आणि एकदा तिरपं. तिरप्या नजरेला हवेची वाट लांब पडते, त्यामुळे दोन्ही आकड्यांच्या फरकातून हवेने किती खाल्लं ते काढता येतं. सेंटिनेल-३वरचं उपकरण त्याच घराण्यातलं. इन्सॅट एकाच नजरेने, पण १०.८ आणि १२ मायक्रॉनच्या आसपासच्या दोन पट्ट्यांत बघतो. बाष्प दोन्ही पट्ट्यांना सारखं अडवत नाही, त्या फरकावरून तो हिशेब करतो. त्याचा एक ठिपका म्हणजे चार किलोमीटर समुद्र. माझा डबा बघतो तो तुकडा जेवणाच्या टेबलाएवढाही नाही. म्हणून एका जोडीवर काही ठरत नाही, शेकडो लागतात.

संध्याकाळी मोबाइलला क्षणभर रेंज मिळाली असं वाटलं, घरची आठवण आली. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ लक्षद्वीपजवळच जन्मलं, आम्ही नुकतेच जिथून आलो तिथेच. दोन दिवसांत ते कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. देवगडला आमच्या वाडीतली हापूसची कलमं आडवी झाली, घराची कौलं रस्त्यावर. आई सांगते, त्या रात्री वाऱ्याचा आवाज असा होता की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. वादळाला पोसायला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये इथे ते कितीतरी जास्त असतं. अंदाज वर्तवणाऱ्या संगणकांना समुद्राचं तापमान उपग्रहाकडून जातं. घरी माझ्या काकाच्या होडीसाठी बंदरावर लागणारा मासेमारीच्या संभाव्य क्षेत्राचा संदेश हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्रातून निघतो, त्याच्याही मुळाशी उपग्रहाने पाहिलेलं गार-गरम पाणी असतं. आई अजून विचारते, तू बोटीवर जाऊन नेमकं करतेस काय. या वेळी तिला बालदी, डबा आणि साय, तिन्ही सांगणार आहे.

दिवस आठवा : मुरगाव, मग दोना पावला

सकाळी नऊला नांगर टाकून धक्क्याची वाट पाहिली. शेवटची बालदी मी बंदराच्या तोंडाशी ओढली, तळहातांवरचे फोड तोवर घट्टे झाले होते. सारंगकाकांनी क्लॅम्प सोडवले, डबा स्वतः खाली आणून गाडीत गोधडीवर ठेवला आणि पट्टाही त्यांनीच लावला.

प्रवास इथे संपला असता, पण काम संपत नाही. निघण्याआधी प्रयोगशाळेत डब्याची परीक्षा घेतली होती, आल्यावर पुन्हा घ्यायची. पाण्याच्या टाकीत बुडवलेला काळा शंकू, त्याचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत ठाऊक असलेला थर्मामीटर, आणि त्याच्यासमोर डबा. २० अंश, २५, ३०, ३५. दर पायरीला पाणी स्थिर व्हायला तास लागतो. वेगवेगळ्या देशांतले लोक आपापले रेडिओमीटर घेऊन असेच एका जागी जमतात आणि एकाच शंकूसमोर ते तपासून घेतात. २०१६ साली लंडनजवळ टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अशी मोठी तुलना झाली होती. आमच्या खोलीत त्या रात्री मी आणि एक तंत्रज्ञ, दोघंच होतो.

दीड वाजता शेवटची पायरी झाली. आठ दिवसांच्या मिठाने आणि हलण्याने डबा ०.०४ अंशांनी सरकला होता. तो आकडा नोंदीत घातला.

मग फाइल तयार करायला बसले. वेळ, अक्षांश, रेखांश, सायीचं तापमान, आकाश, वारा, जहाजाचा कल. पाचव्या दिवसाच्या दुपारी इन्सॅटची आणि आमची जोडी जमली होती, फरक दोन दशांश. तिसऱ्या रात्रीच्या ओळी आल्या तेव्हा ८:५८ ते ६:४० प्रत्येक ओळीत मी उणे ९९९ टाकलं, ज्याचा अर्थ या वेळची नोंद नाही, आणि खाली कारण लिहिलं.